मोटरहोम झकास, ताबा देताना मात्र घाई: न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर नऊ दिवस

दिवाळीच्या सुट्टीत क्राइस्टचर्चच्या एका कंपनीकडून आम्ही सहा बर्थची मोटरहोम नऊ दिवस भाड्याने घेतली. आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. परदेशात घर सोबत घेऊन फिरायची पहिलीच वेळ. पाचपैकी साडेतीन तारे देतेय. गाडीला पाच दिले असते. दीड तारा कापलाय तो ताबा देतानाच्या घाईसाठी.

लहान मुलं असतील तर एवढं तरी वाचाच. तिथे मुलाला सात वर्षं पूर्ण होईपर्यंत चाइल्ड सीट कायद्याने लागते. आम्ही ती बुकिंग करतानाच मागितली होती आणि मिळालीही. पण ज्या बाकावर ती बसवायला सांगितली, तिथे तिचा वरचा पट्टा अडकवायला हूकच नव्हता. नवऱ्याने मागे वाकून पाहिलं म्हणून कळलं. मग दुसऱ्या बाकावर लावून दिली, पण आम्ही विचारलं नसतं तर मुलगा तसाच बसून निघाला असता. हे मला अजून खुपतं.

बाकीचंही तसंच उरकलं. गॅसचा कॉक, पाण्याचा पंप, सांडपाण्याची टाकी, संडासची कॅसेट (म्हणजे मैला साठणारी, काढून रिकामी करायची टाकी), सगळं एका दमात. मी मोबाइलवर व्हिडिओ काढला, तोच पुढे रोज उपयोगी पडला. डिझेलचंही कोणी नीट सांगितलं नाही. पंपावर ते पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त दिसतं, कारण रस्त्याचा कर त्यात धरलेला नसतो. तो किलोमीटरमागे वेगळा भरावा लागतो, आणि आमच्याकडून तो गाडी परत करताना घेतला. आधीच विचारून खर्चात धरा.

गाडी मात्र मनापासून आवडली. तिथेही वाहनं डावीकडून चालतात आणि आपलं इंग्रजीतलं लायसन चालतं, त्यामुळे नवरा दुसऱ्या दिवसापर्यंत सरावला. पश्चिम किनाऱ्यावरच्या हास्टकडे एकेरी पूल बरेच लागतात. पाटीवर आपल्या दिशेचा बाण लाल आणि छोटा असेल तर आपण थांबायचं, हे मुलीने पाठ करून ठेवलं होतं आणि प्रत्येक पुलाआधी ती ओरडून सांगायची.

झोपायची व्यवस्था बुकिंगआधी नकाशावर नीट बघा. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा बर्थ शिडीचा, तिथे आईंना चढणं शक्यच नव्हतं. पहिल्या रात्री त्यांना टेबल मोडून केलेल्या पलंगावर झोपवलं. त्या पाचला उठतात, आणि पलंग आवरल्याशिवाय कोणाला हलता येईना. दुसऱ्या दिवसापासून मागचा मोठा पलंग त्यांना दिला, मुलं वर गेली आणि आम्ही टेबलावर आलो. मग सगळं जमलं.

स्वयंपाकघरात तीन शेगड्या, छोटा फ्रिज, बऱ्यापैकी भांडी. तवा-लाटणं आणि तीन लिटरचा कुकर आम्ही घरून नेला होता. गोडा मसाला, मेतकूट, भडंग विमानतळावरच्या फॉर्मवर लिहून दाखवलं. अधिकाऱ्याने पिशव्या उघडून बघितल्या आणि जाऊ दिलं. खाण्याची वस्तू लपवली तर जागच्या जागी 400 न्यूझीलंड डॉलर दंड आहे, तेव्हा सगळं लिहाच. मिक्सर मात्र नेऊ नका. भिंतीतले प्लग कॅम्पच्या विजेला जोडल्यावरच चालतात. एरवी दिवे, पंप आणि मोबाइलचं चार्जिंग तेवढं होतं.

आओराकी माउंट कुकच्या पायथ्याशी व्हाइट हॉर्स हिल नावाचा सरकारी कॅम्प आहे. वीज नाही, दुकान नाही. तिथे पिठलं-भात केला. साडेआठपर्यंत उजेड होता. जेवताना समोरच्या माउंट सेफ्टनवरून बर्फ कोसळल्याचा गडगडाट आला आणि आईंनी हातातला घास तसाच धरून बाहेर पाहिलं. नंतर त्या शाल गुंडाळून अर्धा तास पायरीवर बसल्या होत्या. हॉटेलच्या खोलीत हे झालं नसतं, म्हणून एवढ्या तक्रारी असूनही परत मोटरहोमच घेणार.

कॅसेट रिकामी करायचं काम नवऱ्याने आपणहून घेतलं. गावोगावी डंप स्टेशनं, म्हणजे मैला आणि सांडपाणी ओतायच्या जागा आहेत, दहा मिनिटांचं काम. रोज दोन-अडीचशे किलोमीटरच्या वर मात्र ठरवू नका. वानाकाहून फ्रान्झ जोसेफ आम्ही एका दिवसात गाठलं आणि मुलं रडकुंडीला आली.

पुढच्या वेळी चाइल्ड सीट कोणत्या बाकावर बसणार, त्या बाकाचा हुकासकट फोटो मी पैसे भरण्याआधी मागवून घेणार आहे.