पाच किलोचं पांघरूण: शिलाईला दोन तारे, वजनाला चार

आधीच सांगते, मी साताऱ्यात घरी ब्लाउज आणि ड्रेस शिवते. त्यामुळे हे वजनदार पांघरूण, म्हणजे 'वेटेड ब्लँकेट', घरी आल्यावर मी पहिल्यांदा ते उलटं केलं आणि शिलाई तपासली. पोरगा म्हणाला, "आई, ते अंगावर घ्यायचं असतं गं."

मागवलं त्याच्यासाठीच. यंदा दहावी. डिसेंबरात सराव परीक्षेचं वेळापत्रक हातात पडलं आणि त्याची झोप गेली. रात्री साडेबारा-एकला माझ्या उशाशी येऊन उभा राहायचा. "आई, छातीत धडधडतंय." आमचे हे एसटीत ड्रायव्हर, आठवड्यातून तीन रात्री मुक्कामी गाडीवर. घरात मी, सासूबाई आणि तो. पहिल्या रात्री तर मला वाटलं हृदयाचंच काहीतरी आहे. सकाळी डॉक्टरांकडे नेला, कार्डिओग्राम काढला, सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले काळजीनं होतंय. झोपेचं औषध दिलं नाही, आणि ऑनलाइन मिळणाऱ्या मेलाटोनिनच्या गोळ्या आपल्या मनानं द्यायच्या नाहीत म्हणून बजावलं. रविवारसुद्धा धरून उठायची वेळ एकच, फोन रात्री स्वयंपाकघरात, आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरुणात तळमळत न पडता उठून बाहेर बसायचं, एवढं सांगितलं. या वयात शरीराचं घड्याळच पुढं सरकतं, झोप उशिरा येते, पण लागते मात्र आठ ते दहा तास, हेही तेव्हाच कळलं. तोवर मी त्याला आळशी म्हणत होते. चिठ्ठीच्या मागं त्यांनी १४४१६ लिहून दिला. तो सरकारचा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी मदत देणारा फोन. चोवीस तास चालू, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो नंबर आजही फ्रिजवर चिकटवलेला आहे.

पांघरूण सुचवलं माझ्या भाचीनं, ती फिजिओथेरपी शिकते. अंगावर सगळीकडून सारखा दाब पडला की शरीर सैल पडतं, असं त्यामागचं म्हणणं. मी म्हटलं, जाहिरातीत तर काय वाट्टेल ते लिहितात. मग तिनं मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं. स्वीडनमध्ये २०२० साली छापून आलेला एक प्रयोग होता. १२० मोठी माणसं, नैराश्य, चिंता असले आजार आणि वर झोप नाही. निम्म्यांना आठ किलोचं साखळ्या भरलेलं पांघरूण, जड वाटलं तर सहाचं, आणि उरलेल्यांना दीड किलोचं. चार आठवड्यांत जड पांघरूणवाल्यांची झोप बरीच सुधारली. पण भाची प्रामाणिक, तिनं दुसरंही वाचलं. २०१४ साली इंग्लंडमध्ये ऑटिझम असलेल्या मुलांवर हेच करून पाहिलं होतं. त्यांची झोप वाढली नाही, तरी मुलांना आणि आईबापांना जडच पांघरूण जास्त आवडलं. माझं पोरगं या दोन्हींतलं नाही. तरी मागवलं, कारण रात्री एक वाजता मला दुसरं काही सुचत नव्हतं.

दुकानात दोन मापं होती, पाच किलो आणि सात किलो. अंगाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं घ्यावं असा एक अंदाज सांगतात. पोराला गिरणीतल्या काट्यावर उभा केला, चोपन्न किलो भरला. (गिरणीवाले म्हणाले, दळायचा का?) म्हणून पाचचं घेतलं. ३,२९९ रुपये. पोरगा सातचं मागत होता, ऐकलं नाही ते बरं झालं. कारण नियम असा की ज्याच्या अंगावर आहे त्याला स्वतःच्या हातानं, झोपेतसुद्धा, ते लाथाडता आलं पाहिजे. म्हणूनच लहान बाळांच्या अंगावर हे कधीही घालू नका. माझी नणंद दीड वर्षाच्या मुलाला घेऊन राहायला आली तेव्हा मी ते कपाटाच्या वर टाकून ठेवलं होतं. दम्याचा किंवा श्वासाचा त्रास असेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

आता माल. आत काचेचे बारीक मणी, रव्यापेक्षा थोडे जाड. चार-चार इंचांच्या चौकटी पाडून त्यात ते भरलेत, म्हणजे सगळं वजन एका बाजूला गोळा होत नाही. कल्पना चांगली, काम घाईचं. टाके मोठे, इंचाला सहा-सात. कडेला एकच शिलाई, आणि आतून दुमड इतकी कमी की कापड ओढलं की धागे सुटणार हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. तसंच झालं. सव्वा महिन्यानं पायाकडची एक चौकट उसवली आणि मणी फरशीवर. सासूबाईंचा पाय सरकला, दाराची चौकट धरली म्हणून वाचल्या. विकणाऱ्याला कळवलं तर आधी व्हिडिओ मागितला, मग नऊ दिवस गप्प, मग उत्तर आलं की तुम्ही धुतल्यामुळं फाटलं. मी धुतलंच नव्हतं! शेवटी मीच बसले. कडेला दोन इंची पट्टी लावून दुहेरी शिलाई मारली, चौकटींवरून पुन्हा टाके फिरवले. मण्यावर आपटून दोन सुया मोडल्या.

धुण्याबद्दल. लेबलावर मशिनमध्ये धुवा असं आहे. पाच किलो कोरडं, त्यात पाणी शोषल्यावर किती होईल याचा हिशोब लिहिणाऱ्यानं केलेला दिसत नाही. साडेसहा किलोच्या मशिनला ते झेपेल असं मला वाटलं नाही. मी केंब्रिकची खोळ शिवली आणि खोळच धुते. सोबत आलेली केसाळ खोळ निसरडी आहे, पांघरूण रात्रीतून सरकत खाली यायचं. शिवाय मार्चमध्ये ती कोण घेणार अंगावर?

झोपेचं म्हणाल तर पहिल्या तीन रात्री काहीच फरक नाही. "पोतं पडलंय अंगावर," असं म्हणायचा. नाव तेच पडलं, पोतं. चौथ्या रात्री तो साडेबाराला आला नाही. मीच उठून बघायला गेले, तर जागाच होता. पण पडून होता. म्हणाला, "डोकं चालूच आहे गं, पण पाय शांत आहेत." मला ते नीट कळलं. आधी तो कूस बदल, पाणी पी, वही उघड, पुन्हा पड, असं तासभर करायचा आणि त्यातच धडधड वाढायची. जड पांघरूणाखाली उठबस कमी झाली. झोप लगेच लागत नाही, पण लागायला जागा मिळते.

डॉक्टरांचा वीस मिनिटांचा नियम आणि पोतं यांचं मात्र जमेना. एकदा आत शिरलं की बाहेर यायला नको वाटतं. मग आम्ही ते आधी बाहेरच्या खोलीत न्यायला लागलो. साडेदहाला मी हातशिलाईला बसायची, हुक-काज लावत. तो शेजारी मांडीवर पोतं घेऊन. उद्याचं जे डोक्यात असेल ते कागदावर लिहायचं आणि कागद माझ्या शिलाईच्या डब्यात टाकायचा, हे भाचीनं सांगितलेलं. मी ते कागद वाचले नाहीत. एकच वाचला, खरं सांगते. त्यावर फक्त 'भूमितीची प्रमेयं' आणि 'बाबांची गाडी घाटात' असं होतं. बाबांच्या गाडीचं मला माहीतच नव्हतं. त्या दिवसापासून मुक्कामाच्या गावी पोचले की हे त्यालाच फोन करतात, मला नाही.

आता यातलं श्रेय पोत्याला किती द्यायचं? फोन स्वयंपाकघरात गेला, बापाचा फोन यायला लागला, आणि फेब्रुवारीत बोर्डाचा पहिला पेपर सोपा गेला, तेही आहेच. माझ्या अंदाजानं चार आण्यांचं काम पांघरूणाचं. पण रात्री एकला चार आणेही कामाला येतात. धडधड अजून कधीतरी होते, तेव्हा तो स्वतःच पोतं ओढतो. आमच्या ह्यांनी एकदा दुपारी अंगावर घेतलं तर पाच मिनिटांत घोरायला लागले, पण ते एसटीच्या टपावरही झोपतील, तो पुरावा धरू नका.

उन्हाळ्यात उपयोग कमी. मणी सुरुवातीला गार लागतात, अर्ध्या तासानं अंगाला घाम. एप्रिलपासून पंखा फुल्ल आणि पोतं फक्त गुडघ्यांपर्यंत.

घ्यायचंच असेल तर केसाळ खोळीचं घेऊ नका, आणि आल्याबरोबर जवळच्या टेलरकडून चारही कडांना दुसरी शिलाई मारून घ्या. माझ्याकडं आणलंत तरी चालेल, पण मणी सांडायच्या आधी आणा. सांडल्यावर मी हात लावणार नाही, सुयांचे पैसे कोण देणार?