काल्पनिक शहरात माणसं किती? तट मोजा, क्रम लावा की धान्य तोला

गेमसाठी दुनिया रचताना शहराचं नाव सुचतं, राजा सुचतो, वेशीबाहेरचं शापित जंगलही सुचतं. लोकसंख्येच्या जागी मात्र ‘अंदाजे २ लाख’ असं काहीतरी ठोकून दिलेलं असतं. मीही दिलं होतं. वाळवंटाच्या मधोमध राजधानी, नदी नाही, बंदर नाही, आणि आत २ लाख माणसं. टेबलाभोवती बसून, आपापल्या पात्राची भूमिका करत खेळायचा तो गेम. तिसऱ्याच बैठकीत खेळाडूंनी वेढा घातला आणि एकाने विचारलं, “आत धान्य कुठल्या रस्त्याने येतं? तो अडवू.” माझ्या नकाशात तो रस्ताच नव्हता.

आकडा काढायच्या तीन रीती मी वापरून पाहिल्यात. तुमच्या हाताशी आधी काय तयार आहे, त्यावर निवड बरीचशी ठरते.

नकाशा आधीच काढून झाला असेल, तर तटाच्या आतलं क्षेत्रफळ मोजायचं आणि हेक्टरी माणसांनी गुणायचं. मध्ययुगीन दाटीसाठी हेक्टरी १०० ते २०० माणसं धरली तर चालतं. दीड किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद शहर म्हणजे १५० हेक्टर, म्हणजेच १५ ते ३० हजार वस्ती. पाच मिनिटांचं काम. गोम एवढीच, की तट एका काळातला आणि माणसं दुसऱ्या काळातली असू शकतात. रोमचा सम्राट ऑरेलियनचा तट तिसऱ्या शतकातला, सुमारे १९ किलोमीटर लांब, आत साधारण १,३७० हेक्टर जागा. सूत्राने तिथे किमान १ लाख ३७ हजार माणसं हवीत. मध्ययुगात तिथे त्याच्या निम्मीही उरली नव्हती आणि तटाच्या आत द्राक्षमळे होते. उतरती कळा लागलेलं शहर हवं असेल, तर ही चूक मुद्दाम करावी. पडक्या वाड्यांची अख्खी पेठ फुकटात मिळते.

एकाच राज्यातल्या पंधरा-वीस शहरांना आकडे द्यायचे असतील, तर क्रमवारीची रीत सोयीची: सगळ्यात मोठ्याच्या निम्मं दुसरं, एक तृतीयांश तिसरं, असं खाली उतरत जायचं. याला झिफचा नियम म्हणतात. तो कितपत खरा? इंग्लंडमध्ये १३७७ साली डोईपट्टी बसली, तेव्हाची करदात्यांची मोजणी बघा: लंडन २३,३१४, यॉर्क ७,२४८, ब्रिस्टल ६,३४५, कॉव्हेंट्री ४,८१७. नियमाने यॉर्कला साडेअकरा हजारांवर जायला हवं होतं. तिसऱ्या-चौथ्या नंबरावर गाडी बऱ्यापैकी रुळावर येते. म्हणून राजधानी व्यापाराचंही केंद्र असेल, तर दुसऱ्या शहराला मी निम्म्याऐवजी तिसरा हिस्साच देतो. आणखी एक: त्या मोजणीत चौदा वर्षांखालची मुलं नव्हती, भिकारी नव्हते. तुमच्या गेममधला कारकून आकडा सांगेल, तेव्हा त्याने कुणाला मोजलं नाही हे ठरवून ठेवा. एखादा छान धागा तिथे हाती लागतो. या रीतीची मोठी उणीव म्हणजे पहिल्या शहराचा आकडा ती देतच नाही. तो तुम्हीच कुठूनतरी आणायचा.

तो आणायला तिसरी रीत: शहराला पोसतं कोण? मध्ययुगीन शेतीत एक पोतं पेरलं की चार-पाच पोती हाती यायची. त्यातलं एक पुन्हा बियाण्याला जायचं आणि उरलेल्यातलं बहुतेक शेतकऱ्याच्याच घरात संपायचं. म्हणून दहातली आठ-नऊ माणसं शेतावर धरायची. शहरातल्या एका माणसामागे खेड्यांत चार ते नऊ. १० हजारांच्या शहराला ४० ते ९० हजार गावकरी लागले. चौरस किलोमीटरला ३० माणसं धरली, तर हा मुलूख शहराभोवती वीस ते तीस किलोमीटरपर्यंत पसरतो. बैलगाडीची एक-दीड दिवसाची वाट. जमतं. आता शहर १ लाखाचं करा. तोच घेर पासष्ट ते शंभर किलोमीटर होतो, गाडीला जाऊन यायला आठवडा-दहा दिवस लागतात आणि वाटेत बैलही खातात. इथे नदी किंवा समुद्र लागतोच. दहा लाखांच्या आसपास गेलेलं प्राचीन रोम इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेहून जहाजाने आलेल्या धान्यावर जगत होतं.

ही रीत काही आजची नाही. इतिवृत्तकार जोव्हान्नी व्हिलानी याने १३३८ च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये ९० हजार तोंडं असल्याचा अंदाज बांधला, तो शहराला लागणाऱ्या पावाच्या हिशोबाने. जन्माचा आकडा त्याला पाद्र्याकडून मिळाला: बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येक मुलामागे शेंगेतली एक काळी बी, मुलीमागे एक पांढरी बाजूला ठेवून तो मोजायचा. पावाच्या भट्ट्या व्हिलानीने १४६ सांगितल्या, म्हणजे भट्टीमागे सहाशेवर माणसं. त्या प्रमाणात २० हजारांच्या शहरात तीसेक भट्ट्या हव्यात. आपण सहसा एकच काढतो, तीही पात्रांना खबर मिळावी म्हणून.

वेळखाऊ आहे, पण टेबलावर खेळायच्या लांब मोहिमेसाठी मी हीच रीत घेईन. वेढा, दुष्काळ, पेटवलेली कोठारं, सगळे प्रसंग त्यातूनच निघतात. मंत्राने अन्न निर्माण होत असेल, तर मर्यादा उडते, पण मग शहराचा गळा मंदिराच्या हातात जातो. तेही ठरवायला हवं. संगणकावरच्या गेममध्ये, जिथे पडद्यावर जेमतेम साठ एनपीसी (खेळाडूऐवजी संगणक चालवतो ती पात्रं) फिरणार, तिथे तटाची रीत पुरे. आणि आकडा कुणाच्याही तोंडी घालू नका, खेळाडू घरं मोजतात. वरून बघायच्या स्ट्रॅटेजी नकाशाला क्रमवारी. तटाचा आकडा धान्याच्या आकड्याला ओलांडून गेला, तर नकाशात नदी काढा किंवा माणसं कमी करा.

माझ्या वाळवंटी राजधानीत आता ८ हजार माणसं राहतात, २ लाखांसाठी बांधलेल्या तटाच्या आत. नदी शंभर वर्षांपूर्वी वळली. वेढा अजून चालू आहे.