लिनक्सच्या जुन्या शाखांत पॅच पाठवताना

आमचे सर्किट बोर्ड अजून लिनक्सच्या 5.10 कर्नलवर (सिस्टमच्या गाभ्यावर) चालतात, त्यामुळे लिनक्सच्या स्टेबल शाखांशी, म्हणजे मुख्यतः दुरुस्त्याच घेणाऱ्या जुन्या आवृत्त्यांशी, माझा रोजचा संबंध. ही व्यवस्था मला मनापासून आवडते. पहिला नियम सगळ्यात कडक: दुरुस्ती, म्हणजे पॅच, आधी लिनक्सचा जनक लायनस टोरवाल्ड्सच्या मुख्य शाखेत, मगच जुन्यांत. नवख्याला हा जाच वाटतो, पण त्यामुळेच जुन्यात बुजवलेला बग नव्यात पुन्हा डोकं वर काढत नाही. पॅच आजूबाजूच्या ओळी धरून 100 ओळींच्या आत हवा.

पॅचच्या वर्णनातल्या 'फिक्सेस'च्या ओळीत बग आणणाऱ्या कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) 12 अक्षरी हॅश, म्हणजे ओळखखूण, नीट द्या. पॅच किती जुन्या शाखेपर्यंत न्यायचा ते त्यावरून कळतं. माझा एक ड्रायव्हरचा पॅच 6.1 वर सहज बसला, 5.10 वर अडला. स्टेबल शाखा सांभाळणाऱ्यांचा तसा मेल आला, खाली गिटच्या (कोडमधले बदल सांभाळणाऱ्या साधनाच्या) कमांड आयत्या दिलेल्या. माझ्या पॅचने वापरलेलं एक हेल्पर (मदतीचं छोटं) फंक्शन 5.10 मध्ये नव्हतंच. तेवढा भाग हाताने लिहिला, मूळ कमिटचा उल्लेख ठेवला आणि परत पाठवला. घेतला गेला!

खटकतं एवढंच, की नव्या स्टेबल रिलीजआधी तपासणीला साधारण 48 तासच मिळतात. खऱ्या हार्डवेअरवर रात्रभर चाचणी लावणाऱ्यांना ते फार कमी पडतात.