गाळ शुद्ध करणारा वाळा-गांडूळ संच : एक अनुभव

मुठेकाठच्या आमच्या सोसायटीच्या बागेत पूर्वी नदीतला गाळ पसरलेला असल्याने, सिंहगड रस्त्यावरील एका रोपवाटिकेतून गाळातले शिसे, कॅडमियम यांसारखे विषारी जड धातू कमी करण्यासाठी वाळा, मोहरीचे बी आणि गांडुळे असा संच आम्ही घेतला. वाळ्याचे ठोंब ताजे होते, गांडुळेही पावसाळाभर टिकली. मालाच्या दर्जाबद्दल माझी तक्रार नाही. मात्र ‘गांडुळे जड धातू नष्ट करतात’ हे संचासोबतच्या पत्रकातील विधान चुकीचे आहे. शिसे आणि कॅडमियम ही मूलद्रव्ये असल्याने ती कुजून नाहीशी होत नाहीत. गांडुळे कॅडमियम स्वतःच्या शरीरात साठवतात, मोहरी काही धातू खोडापानांत ओढून घेते, तर वाळा ते मुख्यतः मुळांतच धरून ठेवतो, जसे किनाऱ्यावरच्या चिखलात तिवरांची मुळेही बहुतांशी करतात. म्हणून ही मोहरी मुळांसकट उपटून वेगळी ठेवावी लागते. तिची भाजी करणे किंवा ती खतात टाकणे म्हणजे तोच धातू पुन्हा ताटात वा मातीत आणणे होय. ही सूचना संचात कुठेच नव्हती, याचे मला फार वाईट वाटले, कारण आमच्या बागेत लहान मुले खेळतात. आधी माती प्रयोगशाळेतून तपासून घ्यावी आणि अनेक हंगाम थांबण्याची तयारी असेल तरच संच घ्यावा. सूचना छापण्याचे विक्रेत्याने आता मान्य केले आहे.