सोन्याचा भाव परत चढायला लागला, तर दागिना घ्यायचा की गोल्ड ईटीएफ?

आमच्याकडे भाव सावरला की आई लगेच म्हणते चला पेठेत, पण नुसती गुंतवणूक म्हणून दागिना मला पटत नाही, कारण घेतानाच घडणावळ जाते, वर 3 टक्के जीएसटी, आणि मोडायला गेलं की घडणावळीचा एक रुपया परत येत नाही, म्हणजे भाव तेवढा चढेपर्यंत तुम्ही तोट्यातच. ईटीएफला, म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणाऱ्या सोन्याच्या फंडाला, घडणावळ नाही, लॉकर नाही, थोडं थोडं घेता येतं. डीमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, लागतं आणि फंडाचा छोटा खर्च असतो, बस. 12 महिन्यांनंतर विकलं तर नफ्यावर 12.5 टक्के टॅक्स, दागिन्याला त्यासाठी 24 महिने थांबावं लागतं. लग्नासाठी मात्र दागिनाच घ्या, हॉलमार्क आणि एचयूआयडी (दागिन्यावरचा ओळख क्रमांक) बघून.