ट्राउट की सॅमन? मित्रांच्या फ्लाय फिशिंग सहलीसाठी निवड

चार-सहा मित्रांनी आठवडाभर नदीवर जायचे ठरवले की ट्राउट की सॅमन हा प्रश्न येतो, आणि बहुतेक वेळा तो माशाच्या आकारावरून सोडवला जातो. हा निकष अपुरा आहे. दोन्ही मासे एकाच कुळातले असले आणि दोन्हींसाठी गळावर पिसे-धागे बांधून केलेली फ्लायच वापरली जात असली, तरी नदीवरचा दिवस दोन्हींत इतका निराळा जातो की आपल्या गटातली माणसे कशी आहेत हे आधी पाहिले पाहिजे.

मूळ फरक भुकेचा आहे. ट्राउट नदीत राहतो आणि तिथेच रोज खातो. त्याच्या आहाराचा मोठा भाग पाण्याखालच्या कीटकांच्या अळ्यांचा असतो, आणि मेफ्लाय किंवा कॅडिस हे कीटक पृष्ठभागावर येऊ लागले की तो वर येऊन ते टिपतो. त्या घटकेला तो काय खातो आहे हे ओळखून, तशीच फ्लाय प्रवाहाच्या गतीने त्याच्यासमोरून वाहत जाईल अशी टाकणे, हे या प्रकाराचे मर्म आहे. अटलांटिक सॅमन मात्र अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत परतल्यावर खाणे जवळजवळ बंद करतो. तरीही तो फ्लाय का धरतो, याबद्दल जाणकारांत आजही एकमत नाही. कोणी चीड हे कारण देतात, कोणी समुद्रातली जुनी सवय. त्यामुळे ट्राउट हुकला तर कारण शोधून उपाय करता येतो, पण सॅमनच्या बाबतीत सगळे बिनचूक करूनही दिवस रिकामा जातो, आणि असे दिवस लागोपाठही येतात. आठवडाभरात एकही मासा लागला नाही तरी जे समाधानाने परततील, त्यांनीच सॅमनचा विचार करावा.

साधनांचा फरक चटकन सांगता येतो. ट्राउटसाठी साडेआठ ते 9 फुटांचा एकहाती रॉड आणि 4 ते 6 नंबरची लाईन (नंबर जितका मोठा तितकी लाईन जड) पुरते. मोठ्या नदीवरच्या सॅमनसाठी 13 ते 15 फुटांचा दोन्ही हातांनी धरायचा रॉड आणि 8 ते 10 नंबरची लाईन लागते. हा लांब रॉड पाहून नवखे बिचकतात, पण माझ्या मते त्यांच्यासाठी तोच पहिल्या दिवशी अधिक सोपा असतो. सॅमनसाठी फ्लाय पलीकडच्या काठाकडे तिरकी टाकायची, प्रवाह तिला आडवी ओढत आणतो, मग एक-दोन पावले खाली सरकून पुन्हा टाकायची. स्कॉटलंडमधील स्पे नदीच्या नावाने ओळखली जाणारी स्पे कास्ट, म्हणजे लाईन मागे पूर्ण न फेकता पुढे टाकण्याची पद्धत, शिकली, की पाठीमागे झाडी असली तरी अडत नाही. वाऱ्याची दिशा मात्र पाहावीच लागते: वारा प्रवाहाच्या उलट वाहत असेल तर सिंगल स्पे आणि प्रवाहाबरोबर असेल तर डबल स्पे, असे तिचे दोन प्रकार निवडावे लागतात, नाहीतर गळ अंगावर येतो. म्हणून चष्म्याशिवाय कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये. ट्राउटची ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फ्लाय, हलकी असली तरी नाजूक काम मागते. लाईनवर प्रवाहाचा ताण आला की फ्लाय पाण्यावर ओरखडा काढत सरकते आणि सावध मासा तिच्याकडे पाठ फिरवतो. शिवाय ड्राय फ्लायवर ट्राउटने तोंड लावताच रॉड उचलावा लागतो, तर सॅमनला फ्लाय घेऊन वळू द्यावे लागते. ट्राउटवर मुरलेला हात इथे घाई करून मासा घालवतो.

मित्रांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा फरक चालण्याच्या दिशेत आहे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून थांबतो, म्हणून ड्राय फ्लाय टाकणारा त्याच्या मागून, प्रवाहाच्या उलट दिशेने वर सरकतो. साहजिकच गट जोड्याजोड्यांनी विखुरतो. एकाने मासा शोधायचा आणि दुसऱ्याने टाकायचे, मग अदलाबदल, हा या जोडीचा खरा आनंद आहे. पण सगळे एकत्र भेटतात ते संध्याकाळीच. सॅमनच्या डोहावर सर्वजण वरच्या टोकापासून ओळीने, अंतर राखून खाली येतात आणि शेवटी पोहोचलेला पुन्हा वर जाऊन रांगेत लागतो. कोणाच्याही पुढे उतरायचे नाही, हा तिथला न मोडण्याचा नियम आहे. एकाला मासा लागला की बाकीचे लाईन गुंडाळून जाळे घेऊन धावतात. अशा आठवड्यात गट खऱ्या अर्थाने एकत्र राहतो, पण एकाचा मासा सगळ्यांचा वाटला पाहिजे. मोजदाद करणारा एखादा जरी सोबत असेल, तरी ट्राउटच निवडावा.

उपलब्धतेत ट्राउट कितीतरी पुढे आहे. 1864 मध्ये जहाजातून टास्मानियाला नेलेल्या अंड्यांत सॅमनची अंडी अधिक होती, तरी तिथे टिकला तो ट्राउट, आणि पुढे तिथूनच तो न्यूझीलंडला पोहोचला. अटलांटिक सॅमनसाठी मुख्यतः स्कॉटलंड, नॉर्वे, आइसलंड आणि पूर्व कॅनडातील नद्यांकडेच जावे लागते, जिथे नदीचा ठराविक पट्टा, ठराविक आठवडा आणि मोजके रॉड, म्हणजे एका वेळी मासेमारी करणाऱ्यांच्या जागा, आधीच आरक्षित करावे लागतात. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन धरण्यास कायद्याने बंदी आहे, तेव्हा तिथला आठवडा सहा दिवसांचाच धरावा. नव्या दोन मित्रांनी एक रॉड वाटून घेणे, परवानगी असल्यास, शहाणपणाचे ठरते.

याहून गंभीर बाब संख्येची आहे. 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने अटलांटिक सॅमनला संकटाच्या उंबरठ्यावरील प्रजातींत टाकले, आणि 2024 च्या उन्हाळ्यात नॉर्वेने ऐन हंगामात 33 नद्यांवर सॅमनची मासेमारी थांबवली. ज्या गटाला मासा घरी न्यायचाच आहे, त्याने अटलांटिक सॅमनच्या वाटेला जाऊ नये. पाण्याबाहेर न काढता, ओल्या हातांनी, काटा नसलेल्या गळावरून त्याला सोडून देण्याची सर्वांची तयारी हवी.

ज्यांना दोन्ही हवे आहेत त्यांनी अलास्काचा विचार करावा. तिथे पॅसिफिक सॅमनच्या पाच जाती येतात आणि त्यांपैकी सॉकाय ही जात अंडी घालू लागली की तिच्या मागे रेनबो ट्राउट ती अंडी खायला थांबतात, त्यामुळे अनुभवी आणि नवखे एकाच नदीवर आपापल्या परीने रमू शकतात. अन्यथा गटातले निम्म्याहून अधिक नवे असतील तर पहिला आठवडा ट्राउटला द्यावा, तोही उन्हाळ्याच्या सुरुवातीला. पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर गेले की ट्राउट आधीच गुदमरलेला असतो आणि सोडला तरी जगेल याची खात्री राहत नाही, म्हणून थर्मामीटर प्रत्येक जोडीकडे असावा.