कटला-रोहू संकर: बारकोड की मायक्रोसॅटेलाइट?
हॅचरीतले (मत्स्यबीज केंद्रातले) कटला-रोहू मासे शुद्ध की संकर हे तपासायला कुठला मार्कर (डीएनएवरची ओळखखूण) घेऊ, असं एका ज्युनिअरनं विचारलं म्हणून लिहितेय. सीओआय बारकोड (मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतल्या सीओआय जनुकावरून जात ओळखणं) स्वस्त, साधारण ६५० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) एकच तुकडा, सिक्वेन्स डेटाबेसशी ताडला की झालं. पण मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो ना, त्यामुळे कटला मादी आणि रोहू नराचं पिल्लू सरळ कटला म्हणूनच निघतं, संकर दिसतच नाही, आणि तोच मासा पुढे ब्रूडस्टॉकमध्ये (प्रजननासाठी ठेवलेल्या माशांत) गेला तर सगळं बीजच बिघडतं, याची मला खरंच काळजी वाटते. मायक्रोसॅटेलाइटला (पेशीकेंद्रातल्या डीएनएमधले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) खर्च-मेहनत जास्त, बरेच लोकस (डीएनएवरच्या जागा) चालवायचे, शुद्ध कटला-रोहूचे नमुनेही हवेत, पण आईबाप दोघांचे अलील (त्या जागांवरची वेगवेगळी रूपं) दिसतात. नुसती जात ओळखायची तर बारकोड पुरे, संकर पकडायचाय तर मायक्रोसॅटेलाइटच घे, आणि त्या संकराची आई कोण हेही हवं असेल तर दोन्ही कर.